टेलिफोन बूथपुढची रांग

आमच्या थॉर्नगिल गावात एखादी गोष्ट वाचवायची ठरली, की लोक आधी तिच्यावर फुलं टांगतात. चर्चजवळच्या लाल टेलिफोन बूथचंही तेच झालं. कंपनी तो उचलून नेणार होती. संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव लागलं तरच तो वाचणार होता. म्हणून पाहणीच्या आदल्या दिवशी आमच्या ग्रामसमितीच्या अध्यक्षानं, क्लेमनं, त्याला ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग फासला, कुंड्या टांगल्या, पडदे लावले आणि आत पुस्तकं रचली. उत्साहाच्या भरात माणूस काय करील याचा नेम नाही.

खरी काळजी होती ती क्लेमच्या बायकोची. हेस्टर रोज संध्याकाळी तिथूनच बहिणीला, ॲडाला, फोन करते. घरचा फोन क्लेमच्या खुर्चीला खेटून आहे आणि नवऱ्याची उणीदुणी त्याच्या कानाशी बसून काढायची कशी? बूथ गेला तर ही बाई गुदमरेल, हे मला शेजारीण म्हणून पक्कं ठाऊक होतं.

पाहणीला आलेल्या मिस पिम यांचा चेहरा बूथ पाहून पडला.

"फोन कुठंय?"

"पुस्तकांच्या मागं," क्लेम पुटपुटला.

"अहो, मूळ रूपच झाकून टाकलंत की! यादीत काय लिहू मी? फुलझाडं?"

तेवढ्यात हेस्टर आली. "हा काय पोरखेळ मांडलाय?" म्हणत तिनं पुस्तकं बाहेर काढली, पडदे ओढून फेकले, दार लावलं आणि नंबर फिरवला.

मिस पिमना आतून बघायचं होतं. पण फोनवरच्या माणसाचं दार ठोठावणं आमच्याकडं रीतीत बसत नाही. त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं क्लेम, त्याच्यामागं मी. रांग दिसली म्हणून पाद्रीबुवाही काही न विचारता मागं उभे राहिले.

हेस्टरचा आवाज काचेला कधीच जुमानत नाही.

"ॲडा, अक्कल गहाण टाकलीय गं या माणसानं! ट्रॅक्टरचा रंग फासलाय!"

क्लेमनं मान खाली घातली.

"पण किती दिवस धड झोपला नाहीये बघ. बूथ गेला तर मी बोलायला कुठं जाणार, याचा घोर लागलाय त्याला. असा नवरा मिळायला नशीब लागतं. त्याला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल."

क्लेमनं टोपी काढली आणि नुसतीच हातात फिरवत राहिला.

"कुंड्या काढा, रंग बदला," मिस पिम हळूच म्हणाल्या. "आत कुणीतरी मनातलं बोलतंय, म्हणजे हा खरा बूथ. मी शिफारस करते."

हेस्टर बाहेर आली, तर समोर ही रांग. "अगं बाई! आणि क्लेम, तुला रे कुणाला फोन करायचाय?"

"ॲडाला," क्लेम म्हणाला. "इतकी वर्षं माझ्याबद्दल आणखी काय काय सांगितलंस, ते विचारतो."