रुसलेला हिरवा

“हा नाही. हा हसून राह्यला,” म्हणत जगदेवने साडी बाजूला सारली.

कारंजा गावातल्या कापडाच्या दुकानात गादीवर पोपटी, मेंदी, पिस्ता, शेवाळी असे सगळे हिरवे आडवे पडले होते. दुकानदार सैफुद्दीनने कपाळाला हात लावला.

“जगदेवभाऊ, माह्या दुकानात हिरवे दोनच. एक नवरीच्या चुड्याचा, एक दर्ग्याच्या चादरीचा. तुमचा हा तिसरा कोनता?”

“रुसलेला.”

सोबत आलेल्या सुनेने, वैजयंतीने, मोबाइलमध्ये शोधलं. मोबाइलने रुसलेली बायको दाखवली, रुसलेलं मांजर दाखवलं; रंग काही दाखवला नाही.

“मामाजी, सवाष्णीले द्याची साडी हाये. कोनताबी हिरवा चालते म्हनते श्राद्धाचे महाराज.”

“महाराजाले चालते. तुह्या सासूले चालला असता का?”

वैजयंतीने मोबाइल पिशवीत टाकला. सासूबाईंना, म्हणजे मनकर्णाबाईंना, काय काय चालत नसे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

मनकर्णाबाई कुंकवानिशी गेल्या, त्याला येत्या चैत्रात वर्ष होत होतं. रुसलेला हिरवा हा शब्द त्यांचाच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, मानोऱ्याला निघताना त्या जगदेवला म्हणाल्या होत्या, “दोरीवरची साडी सांजच्याले काढजा.” कामरगावात जगदेवची पिठाची गिरणी नवीनच लागली होती. तो विसरला. एका सांजेला विसरला असता तर गोष्ट वेगळी. तो बायको परत येईपर्यंत विसरला. गर्द हिरवी साडी चैत्राच्या उन्हात रंगाने पार उतरून गेली. मनकर्णाबाई काही बोलल्या नाहीत. बरेच दिवस काहीच बोलल्या नाहीत. मग एका सकाळी तीच साडी नेसून गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या.

“पाहा. मी रुसली तं हेबी रुसली.”

आणि हसल्या. पुढे जन्मभर लग्नकार्याला तीच साडी. धुळीतला कडुनिंब, वाळत आलेली तूर, शिळी मेथी, बाई सगळ्यांना रुसलेलं म्हणायच्या. गेल्या चैत्रात ती साडी त्यांच्यासोबत गेली.

सैफुद्दीनने सगळं ऐकलं आणि समोरचे ढीग उचलायला घेतले.

“मंग हे सारं फुकट हाये. पॉलिस्टर रुसत नाही भाऊ, जन्मभर हसत राह्यते. सुती न्या. सुती रुसते.”

जगदेवने गर्द हिरवी सुती साडी आणली आणि अंगणात दोरीवर टाकली. आता फक्त विसरायचं होतं.

तेच जमेना. दळण सोडून तो साडी बघून यायचा. एकदा कोणाच्या गव्हात कोणाची ज्वारी गेली. जाणारे-येणारे विचारत, “साडी राखून राह्यले का, भाऊ?” तो सांगे, “रुसवून राह्यलो.” आणि सांज झाली की हात आपोआप दोरीकडे जात.

“मामाजी, राहू द्या ना तिथंच. रंग कसा उडन?”

“सांज झाली ना,” जगदेव म्हणायचा आणि घडी घालून साडी घरात आणायचा.

श्राद्धाच्या दिवशी साडी जेमतेम एका अंगाने उतरली होती. सवाष्ण म्हणून मनकर्णाबाईंची मैत्रीण धनीबाई आली. वैजयंतीने ओटी भरली. धनीबाईने साडीची घडी उलटून पाहिली, मग जगदेवकडे पाहिलं.

“हे मनकर्णीच्या साडीवानी कराले गेले होते ना तुमी?”

“हो.”

“पुरी नाही रुसली.”

“माह्याच्यानं नाही झालं वहिनी.”

“राहू द्या. मी वावरात नेसीन. माह्या अंगावर साऱ्याच साड्या रुसते.”

सोयाबीन निघालं त्या सुमाराची गोष्ट. जगदेव गिरणीच्या दारात पीठ झटकत उभा होता. समोरच्या रस्त्याने धनीबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाठमोरी चालली होती. साडी पार उतरली होती. मनकर्णाबाईंची उतरली होती तेवढीच, एक धागाही इकडेतिकडे नाही. जगदेवच्या तोंडाशी हाक आली. नाव कोणतं घ्यावं ते ठरेना, तोवर ती वळणाआड गेली.

आत गिरणी रिकामीच फिरत होती.