दोन जीबीची जागल

मी दोन जीबीचं मेमरी कार्ड बोलतोय. नखाएवढा माझा जीव. भुजंगरावांनी मला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणलं, त्यांच्या बटणांच्या मोबाईलसाठी. माझ्यात त्यांनी भजनं भरली. एका उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या नातीनं, शिवांगीनं, खेळता खेळता रेकॉर्डिंग चालू केलं. शेळीला जुळी पिल्लं झालेली बघायला भुजंगराव बायकोला बोलावत होते, ती हाक माझ्यात राहून गेली.

"तुळजे, भाईर ये! लवकर ये गं!"

किल्लारीच्या भूकंपात तुळजाबाईंचं तान्हं बाळ भिंतीखाली गेलं होतं. तेव्हापासून छताखाली त्यांचा डोळा लागत नसे. पुनर्वसनाच्या घरातही भुजंगराव उंबऱ्यात बसत आणि म्हणत, "तू नीज. मी जागा हाय." मग कुठं त्या झोपत. भुजंगराव गेले आणि तुळजाबाईंनी बाज अंगणात काढली. थंडी असो, पाऊस असो, त्या आत यायला तयार नव्हत्या.

शिवांगी तेव्हा लातुरात क्लासला होती. रविवारी सुट्टी मिळाली की ती खोलीवर एका छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाशी खटपट करी. जमीन हलली की हाक मारणारी डबी तिला आजीसाठी करायची होती. तिनं नवंकोरं चौसष्ट जीबीचं कार्ड आणलं, पण डबी मुकीच. वायरी बदलल्या, पुन्हा सोल्डरचे डाग दिले, तरी शब्द फुटेना. शिवांगी रडकुंडीला आली.

"वायरींचा दोष नाही गं," तिची मैत्रीण मालविका म्हणाली. "एवढ्या मोठ्या कार्डाची मांडणी या बोर्डाला वाचताच येत नाही. बत्तीस जीबीच्या आतलं बघ. जुनं असलं तरी चालेल."

तेव्हा शिवांगीला मी आठवलो. पण डबीनं भजन न लावता हाकच मारावी, म्हणून आधी मला पुसून कोरं करावं लागणार होतं. ती लॅपटॉप घेऊन गावी आली.

"पुसलं तर ह्यांचा आवाज जाईल की गं," तुळजाबाई म्हणाल्या.

"न्हाई आज्जी, आधी उतरवून घेते. तू हाव म्हणल्याबिगर पुसायची न्हाई."

माझं वय झालेलं. दोन भजनं माझ्या घशातच अडकली, पण हाक सगळी उतरली. तुळजाबाईंनी ती तोंडाला पदर लावून ऐकली. मग म्हणाल्या, "हाव. पूस."

मी कोरा झालो. माझ्यात तेवढी हाक परत आली.

दुपारी डबी भिंतीवर बसवली. शिवांगीनं शेजारी हातोडीचा ठोका दिला आणि मी बोललो. तुळजाबाई पीठ मळत होत्या. तशाच पिठाच्या हातानं उठल्या, "आले, आले" म्हणत थेट अंगणात गेल्या. अंगणात कुणीच नव्हतं.

शिवांगी घाबरली. "आज्जी, चुकलं का माझं? बंद करू?"

"नगं. ऱ्हाऊ दे." त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "माझी बाज आत घे."

आता त्या आत झोपतात, अगदी गाढ. कूस बदलली की बाज करकरते, तेवढाच आवाज. मी भिंतीवर जागा असतो. मला एकच हाक मारता येते, आणि ती मारायची वेळ माझ्यावर कधीच येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.