वाघदरी मतदारसंघाची शेवटची यादी

मी एक जुना मतदारसंघ आहे, मित्रांनो. वाघदरी विधानसभा मतदारसंघ. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. मला हातपाय नाहीत, भिंती नाहीत, दारावर पाटी नाही. मी राहत होतो तो नकाशावरच्या एका रेघेत आणि माणसांच्या नावांच्या याद्यांत. रेघ पुसली गेली. याद्या अजून आहेत, आणि त्यांच्याच काळजीनं सध्या मी हैराण आहे.

लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या कडेला माझा जन्म झाला. कुणीतरी नकाशावर पट्टी धरून रेघ ओढली आणि बहात्तर गावं माझी झाली. काही गावांत मराठी, काही गावांत कन्नड, मध्ये ओढे आणि काळी माती. ही माणसं मला आपलं म्हणतील का, या विचारानं मला धास्तीच बसली होती. पण पहिल्या मतदानाला बायका नवी लुगडी नेसून आल्या, ‘आपली वाघदरी’ म्हणू लागल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

सात निवडणुका मी पाहिल्या. त्यातली एक ऐन सप्टेंबरात झाली. तांबरवाडीची मतपेटी आणायला गेलेली जीप चिखलात रुतली. अंधार पडायच्या आत पेटी पोचायलाच हवी होती. मग सटवाजी नावाच्या शेतकऱ्यानं आपली देवणी बैलांची जोडी जुंपली. पेटीवर पोतं पांघरलं, शेजारी पोलीस बसला, आणि गाडी ओढा ओलांडून माझ्या मुख्य गावी, वाघदरीला आली. दुसऱ्या दिवशी पेपरात बैलांचा फोटो छापून आला. तेव्हा मी किती मिरवलो म्हणून सांगू!

पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. भावाभावांत शेत वाटावं तशी माझी गावं शेजारच्या दोन मतदारसंघांत वाटली गेली. मला कुणी विचारलं नाही. माझ्या याद्या लाल कापडात बांधून तालुक्याच्या कचेरीतल्या कपाटात सगळ्यांत खाली ठेवल्या. खालच्या फळीला ओल होती. वर्षांमागून वर्षं गेली, कापड कुणी सोडलं नाही. आतून कुरकुर ऐकू यायची, आणि मला ती वाळवी असल्याचं कळत होतं.

या वर्षी गावोगावी नवे फॉर्म आले. जुन्या यादीत आपलं नाव दाखवा, नाहीतर नव्या यादीत नाव राहील याची खात्री नाही, असं लोकांना सांगण्यात आलं. फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस. सकाळीच तांबरवाडीच्या दोन म्हाताऱ्या कचेरीत आल्या. एक केवळाबाई, त्या सटवाजीची बायको. दुसऱ्या लक्ष्मम्मा, त्यांच्या शेजारीण. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. मतदानालाही त्या नेहमी एकीमागे एक यायच्या.

त्यांचं काम यादीच्या कामावर नेमलेल्या सुकन्या नावाच्या तरुण शिक्षिकेकडे होतं. तिच्या मदतीला हदगावहून बदलून आलेला कारकून सर्वेश होता. तांबरवाडी आज ज्या मतदारसंघात आहे, त्याचीच जुनी यादी त्यानं काढली. दोघांनी ती तीनदा चाळली. मी कपाटात तळमळत होतो. अरे, तिकडे काय शोधता? ती गावं तेव्हा माझी होती!

“मावशी, तुमच्या गावाची पानंच गहाळ दिसतात,” सर्वेश म्हणाला.

“पानं गेली म्हून मी बी गेले व्हय?” केवळाबाई उसळल्या. “कवापासून मत टाकतीय मी. आमच्या मालकानं तर बैलगाडीत पेटी नेली वाघदरीला. पेपरात फोटो हाय!”

सुकन्यानं मान वर केली. “वाघदरीला? पेटी तिकडं कशाला नेली?”

“तवा आमची वाघदरीच होती की, बाई.”

“वाघदरी नावाचा मतदारसंघच नाही,” सर्वेश म्हणाला. ते ऐकून मला फार लागलं.

“व्हय, आता न्हाई,” केवळाबाई म्हणाल्या. “तवा होता.”

सर्वेश उठून कपाटातली एकेक फळी पाहू लागला. मग खाली वाकून त्यानं लाल गाठोडं ओढलं. कापड सोडताच भुगा सांडला. सुकन्या एकेक पान जपून उलटत होती, आणि माझी छाती, नसली तरी, धडधडत होती. तांबरवाडी सापडली. चारशे बारा नंबरवर केवळाबाई सटवाजी. केवळाबाईंना वाचता येत नाही. सुकन्यानं दाखवलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि त्या तोंडभर हसल्या. “म्हंजे जित्ती हाय मी!”

“अन् माझं?” लक्ष्मम्मांनी विचारलं. “मी हिच्या मागंच असते.”

सुकन्यानं खाली पाहिलं. चारशे बाराच्या खाली कागदच नव्हता. वाळवीनं अर्धं पान खाल्लं होतं. पलीकडचं टेबल त्यातून दिसत होतं.

चारशे तेरा. लक्ष्मम्मा मडिवाळप्पा, वय पंचेचाळीस. मला तोंडपाठ आहे, मित्रांनो. पण मला बोलता येत नाही, आणि कागदावाचून माझं ऐकतो कोण?

मला परत नकाशावर आणा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या गावात, शाळेत, कचेरीत असं एखादं गाठोडं पडून असेल तर ते सोडून पाहा. त्याला ऊन दाखवा, ओलीतून उचला. त्यात कुणाचं तरी नाव आहे, आणि त्या माणसाला ते कधी लागेल हे आधी कळत नाही.

कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ उरला आहे. सुकन्या अजून भुगा चाळते आहे. लक्ष्मम्मा बाकावर बसल्या आहेत. केवळाबाईंचं काम झालं आहे, तरी त्या शेजारी बसून आहेत. “हिचं सापडल्याबिगर मी घरी जात न्हाई,” असं त्यांनी सर्वेशला दोनदा सांगितलं आहे.