एका मतानं

प्रभागाची निवडणूक पक्ष एका मतानं हरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कार्यालयात आत्मपरीक्षणाची बैठक भरली. आत्मपरीक्षण म्हणजे दगा कोणी दिला ते शोधणं, एवढं सगळ्यांना पाठ होतं.

दहा मिनिटांत नाव निघालं: अध्यक्षांचा धाकटा भाऊ, चष्मेवाला. मतदानाच्या आदल्या दिवशी तो विरोधी उमेदवाराशी हसून बोलला होता.

"गिऱ्हाईक आहे ते त्याचं," अध्यक्ष म्हणाले. त्यांची लाँड्री होती. बावीस वर्षं ते लोकांच्या चादरी आणि पक्षाचे बॅनर धूत आले होते.

"चष्मा विकायला हसावं लागतं होय?" इलेक्ट्रिशियन असलेल्या एका कार्यकर्त्यानं विचारलं.

हकालपट्टीचा ठराव लिहायला घेतला, तसे अध्यक्ष उठले. "थांबा. मत माझं पडलं नाही. माझं आणि हिचं, दोन्ही."

खरंच होतं ते. दिवसभर ते मतदार आणत होते, बायको फोन लावत होती. घरची मतं काय, शेवटी टाकू. शेवटी एका आजीबाईंना खुर्चीसकट तीन मजले उतरवून त्यांच्या केंद्रावर पोचवलं. स्वतःच्या केंद्रावर आले तर फाटक बंद.

खजिनदारांनी डोळे पुसले. "भाऊ असावा तर असा."

"अहो, बोट बघा माझं. शाई आहे का?"

"सोड्यात हात तुमचे. शाई टिकणार कशी?"

"मग केंद्रावरची यादी मागवा."

"अध्यक्षांचीच चौकशी करायची? मग पक्षात उरलं काय?"

ठराव मंजूर झाला. अध्यक्षांचा विरोध 'भावनिक' म्हणून नोंदवला गेला.

दुपारी ते भावाच्या दुकानात गेले. तो भिंग पुसत होता.

"कळलं मला. फोन आला होता," तो म्हणाला. "दादा, एक सांग. मी दगा दिला असं तुला कधीपासून वाटतंय?"

"कधीच वाटलं नाही, अरे."

"मग स्वतःवर कशाला घेतलंस? ज्यानं काही केलंच नाही, त्याला कोणी पाठीशी घालतं का?"

अध्यक्षांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं: आजीबाई, तीन मजले, खुर्ची, फाटक. भावानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि वहिनीलाही यात ओढलंस," तो म्हणाला आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला त्यानं आत बोलावलं.