कुंपणाच्या भोकातून दिसलेली आंघोळ

डोंगरातल्या नारीन गावात त्या हिवाळ्यात थंडी अशी, की कोंबड्याची बांग हवेतच गोठायची आणि दुपारी ऊन पडलं की छपरावरून ठणठणत अंगणात घरंगळायची. साऱ्या गावाच्या गाड्या चिखलबर्फानं माखलेल्या. शेजारच्या जुमादिलची तेवढी आरशासारखी लख्ख. ती लखलख सोरोनबायच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची.

त्यात भाच्याचं लग्न ठरलं. नवरी घाटापलीकडच्या कोचकोरहून आणायची आणि तो मान मामाचा, म्हणजे सोरोनबायचा. पण त्याची बहीण, म्हणजे नवऱ्या मुलाची आई बुरुलचा, तोंडाची फटकळ.

"दादा, गाडी आहे की ढेकूळ? माझी सून काय मेंढी आहे? रविवारी सकाळी गाडी चकचकीत दिसली तर मान तुझा. नाहीतर जुमादिलला सांगते."

जुमादिल! सोरोनबायनं चहाचा पेला दाणकन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुंपणाच्या भोकाला डोळा लावला. भर दुपारी, भिंतीच्या आडोशाला, उन्हात जुमादिल गाडी धूत होता. बादलीत कोमट पाणी. आधी टप, मग दारं, हात फिरतोय सावकाश आणि वर गाणं गुणगुणतोय! ते गाणं ऐकून सोरोनबायचं पित्त असं खवळलं, की तो पुढचं न बघताच उठला.

"हात्तिच्या! एवढंच? यात कसली आलीय अक्कल!"

रविवारी उजाडायच्या आतच त्यानं पाणी तापवायचा समोवार पेटवला, चुलीवर दोन पातेली चढवली. बायको अनारकुल म्हणाली, "अहो, उकळतं नका ओतू. ऊन तरी वर येऊ द्या."

"त्याचं कोमट, माझं कढत. दुप्पट चमकेल!"

शेवटचं पातेलं त्यानं पुढच्या काचेवर रिकामं केलं. 'टक्क' असं काहीतरी वाजलं, पण वाफेत कोण बघतो? गाडी मात्र झळाळली. आत बसून आपला रुबाब कसा दिसतो ते बघावं म्हणून त्यानं दार ओढून घेतलं, आरशात मिशी पिळली. मिशीचं दुसरं टोक पिळून होईतो दारं गोठून गच्च झाली. वाफेचा बर्फ, पाण्याचा बर्फ आणि मधे मामा, बरणीतल्या लोणच्यासारखा. इंजिन चालू करून ऊब आणावी, तर किल्ली कोटात, कोट कुंपणावर. अनारकुल केव्हाच बुरुलचाकडे लग्नघरी गेलेली.

हॉर्न वाजवावा, तर जुमादिल येणार. न वाजवावा, तर नवरी जुमादिल आणणार. सोरोनबायनं दात गोठेपर्यंत विचार केला आणि डोळे मिटून हॉर्न दाबला.

जुमादिल वोडकाची बाटली घेऊनच आला. बर्फ सुटावा म्हणून थोडी दाराच्या फटीत ओतली, खांद्यानं चहूकडून दाबलं. कडकड करून दार उघडलं. काचेवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

"धुतल्यावर कोरडी नाही केलीस? दारांच्या रबरांना ग्लिसरीन नाही लावलंस? सगळी दारं उघडी टाकून वाळवायची असतात, दादा."

"मला कसं कळणार?" सोरोनबाय कुडकुडत गुरगुरला.

"कसं म्हणजे? तुला नीट दिसावं म्हणून तर भोकासमोर लावली होती गाडी. अर्ध्यावर उठून गेलास! मला वाटलं, गाणं आवडलं नाही."

सोरोनबायला वाटलं, त्यापेक्षा आतच गोठलो असतो तर बरं. जुमादिलनं आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "जा. मान मामाचाच."

नवरी आली. अख्खं लग्नघर गाडीभोवती. "मामा, काय गाडी हो!" बुरुलचासुद्धा खूश. सोरोनबाय हसला, म्हणजे ओठ तेवढे फाकवले.

नवरी उतरली, तसा तो गाडी परत द्यायला निघाला. सरळ रस्ता सोडून गुरांच्या गल्लीनं. वाटेतलं एकही डबकं त्यानं नाराज केलं नाही.

जुमादिलनं ते ढेकूळ चहूबाजूंनी न्याहाळलं आणि खो खो हसला.

"उद्या दुपारी ये, दादा. फडकं घेऊन. कुंपणाच्या या बाजूला."