तिसरी सुई

“आज नको, सायब. ही सुई पुनवेला द्या.”

बानूबाईने टेबलावर पसरलेला उजवा पाय आवरून घेतला. पिचकारी भरायला निघालेले डॉक्टर थांबले. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गुडघ्यात सुई घ्यायला लोक भीत असत. ती पुढच्या तिथीसाठी राखून ठेवा म्हणणारे माणूस त्यांना प्रथमच भेटत होते. औषध म्हणजे काय बियाण्याची ज्वारी आहे, असे त्यांनी विचारले.

तेव्हा तिने सारे सांगितले. ती ईट गावच्या धनगर आळीतली सुईण. बाळंतिणीच्या पायाशी उकिडवे बसणे हेच चाळीस वर्षे तिचे आसन. गेल्या आषाढात कोकरू उचलून ओढा उतरताना ती घसरली, गुडघा पिरगळला आणि ते आसन मोडले. डॉक्टरांनी सांध्यातले पाणी काढून दोन सुया दिल्या होत्या. प्रत्येक सुईनंतर आठ-दहा दिवस गुडघा मुका होई, मग पुन्हा ठणकू लागे. तीनच सुया द्यायच्या, त्यापुढे औषधच सांधा खाते, हे डॉक्टरांनीच बजावलेले. आणि आता लेक अयोध्या माहेरी आली होती. पुनवेनंतर आठवड्याभरात तिचे दिवस भरत होते. तिचे पहिले मूल सासरी, परक्या हातांत, गुदमरून गेले होते.

“त्या येळंला मला बसता यावं, बाकी काय न्हाय मागत,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी पिचकारी खाली ठेवली.

पुनवेला त्यांनी शेवटची सुई दिली. दुखत नाही म्हणजे बरे झाले असे समजू नये, एकदाच काय ते बसावे, असे सांगून निरोप दिला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बानूबाई चुलीपाशी हलकेच बसून पाहू लागली, उठू लागली. अयोध्येला हसू आवरेना.

“माय, कोंबडीवानी काय बसतीस? अंडं मला घालायचंय.”

चौथ्या दिवशी सकाळी माळावरच्या वस्तीवरून गुंडप्पा गाडी जुंपून आला. त्याची सून कालपासून अडली होती, मूल पायाळू. सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स बैठकीसाठी भूमला गेलेली. एवढे सांगून तो मुंडासे हातात घेऊन दारात उभा राहिला.

अयोध्या भिंतीला धरून उठली. “तितं बसलीस, तर मग माझ्यापशी बसशील का?”

बानूबाई लेकीशी कधी खोटे बोलली नव्हती.

“न्हाय बसता येनार,” ती म्हणाली. “पर तिचं आज हाय, बाई. तुझं आजून हाय.”

अयोध्येने तोंड फिरवले. बानूबाई गाडीत चढली.

वस्तीवर ती तिसऱ्या प्रहरापर्यंत उकिडवी बसून होती. गुडघा अवाक्षर बोलला नाही, आणि त्याच्या त्या मौनाचीच तिला भीती वाटत राहिली. आधी पाय आले, मग पाठ, आणि फार वेळाने डोके. मूल रडले. बानूबाई उठायला गेली तेव्हा पाय सरळ होईना. गुंडप्पाने आणि त्याच्या लेकाने तिला उचलून गाडीत निजवले. घरी पोचेतो गुडघा घागरीसारखा सुजला होता.

त्यानंतर अयोध्या कामापुरते बोले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बानूबाईने एकदा भिंतीच्या आधाराने खाली बसून पाहिले. अर्ध्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. मग तिने स्वतःच शेजारणीला केंद्रावर धाडले. त्या नर्सला, वनमालेला, गेली दोन वर्षे ती आळीभर नावे ठेवीत आली होती. कालची पोर, चोपड्यात वाचून बाळंतपणे करते म्हणे.

वनमाला आली. तिने उकळलेले पाणी मागितले, कोपरापर्यंत हात धुतले आणि आदराने विचारले, “मावशी, तुम्ही कुठं बसता?”

बानूबाईने लेकीच्या पायाशी पाहिले, मग आपल्या गुडघ्याकडे. वनमालेनेच घोंगड्याची घडी अयोध्येच्या उशाशी घातली आणि बानूबाईला धरून पाय लांब करून बसवले.

शेकडो बाळंतपणे पाहिली, पण उशाची बाजू तिने कधी पाहिली नव्हती. कळ येताना बाईचे कपाळ असे आक्रसते, ओठ असे पांढरे पडतात, हे तिला ठाऊक नव्हते. पायाशी काय चालले आहे ते इथून दिसत नव्हते. दोनदा काही सांगावेसे वाटले. दोन्ही वेळा वनमालेने तेच करायला घेतले होते.

“माय,” अयोध्या डोळे मिटूनच म्हणाली, “हात दे.”

बानूबाईने डावा हात दिला. लेकीने तो बोटे पिचतील इतका आवळला.

दिवस कलता कलता मूल रडले. बानूबाईचा मोकळा उजवा हात ओंजळीसारखा वाकून आपोआप पुढे झाला आणि क्षणभर तसाच हवेत राहिला. वनमाला पाठमोरी होती, मुलाला पुसत होती. बानूबाईने तो हात मागे घेतला, पदराचे टोक बोटांत धरले आणि लेकीच्या कपाळावरचा घाम टिपू लागली.