फिरकीच्या तांब्यातला समुद्र

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, म्हणून ओळख करून देतो. माझं पोट पितळेचं, गळ्याला आटे, त्यांवर फिरवून घट्ट बसणारं झाकण, आणि उचलायला कडी. प्रवासात पाणी सांडू नये एवढ्यासाठी माझा जन्म. आता तुमच्या हातात बाटल्या आल्या आणि आमची जात फळीवर जाऊन बसली.

मी घडलो भंडाऱ्याला. अनुसयाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं आणि मी आर्वीला प्रभाकररावांच्या घरी आलो. घराला लागूनच त्यांचं कापडाचं दुकान होतं. माल आणायला ते एसटीने नागपूरला निघाले की मी त्यांच्या मांडीवर. कोणी घोटभर पाणी मागितलं की ते मला पुढे करत आणि न विचारताच सांगत, "सासऱ्यानं देल्ला हाये. एक थेंब गळत नाई." तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे बाटल्या आल्या, मी फळीवर गेलो, आणि माझ्यावर धुळीने संसार थाटला.

यंदा प्रभाकररावांनी दुकान मुलाच्या, प्रफुलच्या हाती दिलं. प्रफुलने आणि सूनबाई हर्षाने दोघांना चेन्नईची तिकिटं काढून दिली. शहर पाहा, समुद्र पाहा, म्हणाले. दोघांनीही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. प्रभाकररावांसाठी नवे बूट आले, काळा चष्मा आला. अनुसयाबाईंनी मात्र मला फळीवरून उतरवलं आणि चिंच लावून घासायला घेतलं.

"आई, बाटली भेटते ना तिकडं. कायले ओझं नेता?" हर्षा म्हणाली.

"बाटलीतलं पिऊ. याच्यात सुंदरासाठी आनाचं हाये."

सुंदरा ही शेजारीण. भाजीची टोपली घेऊन बाजारात बसते, आणि दुपारी अनुसयाबाईंच्या ओट्यावर टेकते. तिने अगदी मनापासून सांगितलं होतं, "वहिनी, समुद्राचं पानी खारट असते म्हनतेत. एवढं पानी देवानं केलं, आन् खारट काऊन केलं? माह्यासाठी घोटभर आनजो. मी चाखून पाहीन." अनुसयाबाईंनी शब्द दिला होता. त्या शब्दाचं भांडं मी होतो.

चेन्नईत मेट्रोची दारं आपोआप उघडत, जिने आपोआप वर चढत. प्रभाकरराव गडबडून जात आणि आपण गडबडलो नाही असं दाखवत. अनुसयाबाई सरकत्या जिन्यापाशी थबकल्या, तेव्हा मी त्यांच्या हातात होतो.

"थे आत ठेव. लोक पाहून राह्यले," ते दबक्या आवाजात म्हणाले.

कोणीसुद्धा पाहत नव्हतं. तरी मी पिशवीत गेलो. ज्यांनी मला अर्ध्या विदर्भात मिरवलं, त्यांनाच माझी लाज वाटली, हे मी अंधारात बसून गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते बसने महाबलीपुरमला निघाले. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून निळं पाणी. अनुसयाबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. बसमध्ये नागपूरचं एक जोडपं भेटलं, रत्नदीप आणि समीक्षा. त्यांच्याशी बोलताना प्रभाकररावांची भाषा एकदम इस्त्रीची झाली. "आमचा कापडाचा बराच मोठा व्यवसाय आहे," ते म्हणाले. दुकान दोन फळ्यांचं होतं, ते मला ठाऊक आहे.

किनाऱ्यावर पोचल्यावर अनुसयाबाईंनी समुद्राला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि मला घेऊन पाण्याकडे निघाल्या.

रत्नदीप हसत म्हणाला, "काका, काकू तांब्या घेऊन कुठे निघाल्या?"

मित्रांनो, माणूस उघड्यावर तांब्या घेऊन निघाला की लोक काय समजतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. प्रभाकररावांचे कान लाल झाले. ते खोटं हसले, त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि किनाऱ्यावरचं दगडी देऊळ पाहायच्या निमित्ताने ते बायकोकडे पाठ फिरवून उभे राहिले.

गुडघाभर पाण्यात वाळू पायाखालून सरकायला लागली, तेव्हा अनुसयाबाईंनी हाक मारली. "अहो, हात द्या जी."

त्यांनी ऐकलं. दुकानातल्या गर्दीत, दिवाळीच्या गोंगाटात त्यांना हीच हाक माजघरातून ऐकू यायची. पण ते हलले नाहीत.

पुढची लाट मोठी होती. अनुसयाबाई कोलमडल्या, कोपर खरचटलं, लुगडं चिंब झालं. माझी कडी तेवढी त्यांनी सोडली नाही. समीक्षा कपड्यांसकट पाण्यात धावली आणि तिने त्यांना उभं केलं. मग प्रभाकरराव आले.

"सांगतलं होतं ना तुले, नोको उतरू म्हनून."

त्यांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. समीक्षाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ते बुटातली वाळू झाडायला खाली वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. अनुसयाबाईंनी शांतपणे माझं झाकण फिरवलं. मी काठोकाठ भरलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी मेट्रोच्या दारात सामानाची तपासणी होती. प्रभाकरराव पलीकडे जाऊन उभे राहिले. इकडे रखवालदाराने मला पिशवीतून काढलं, हलवून पाहिलं आणि खुणेने सांगितलं, पिऊन दाखवा.

"हे प्याचं नोहे, भाऊ," अनुसयाबाई म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही. त्याने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं. ओता, नाहीतर प्या. मागे रांग वाढली, लोक कुरकुरायला लागले. अनुसयाबाईंचा हात माझ्या झाकणावर आवळला गेला. या वेळी त्यांनी नवऱ्याला हाक मारली नाही.

प्रभाकरराव पलीकडून परत आले. रांग ओलांडून, सगळ्यांच्या देखत.

"हा आमचा तांब्या हाये. सासऱ्यानं देल्ला हाये," ते मोठ्याने म्हणाले. तिथं मराठी कोणाला येत होतं? त्यांनी मला उचललं, चांगला तोंडभर समुद्र घेतला आणि तोंड वाकडं न करता गिळला. रखवालदाराने हात हलवून सोडलं. फलाटावर त्यांना ठसक्यावर ठसका लागला. अनुसयाबाईंनी बाटली पुढे केली. प्रभाकररावांना वाटलं असावं, किनाऱ्यावरचं फिटलं.

आर्वीला आल्यावर सुंदरा ओट्यावर हजर होती. तिने माझ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

"खरंच खारट हाये वं वहिनी." मग ती प्रभाकररावांकडे वळली. "एवढ्या पान्यात वहिनी उतरली. तुमी संगंच होते ना, भाऊजी?"

प्रभाकरराव पुन्हा बुटाकडे वाकले.

"होते ना," अनुसयाबाई म्हणाल्या आणि कोपरावर पदर ओढला. "हात धरूनच होते."

समुद्र प्रभाकररावांनी विनातक्रार गिळला होता, बायकोचं हे खोटं मात्र त्यांना गिळवेना. सुंदरा आपला घोट घेऊन गेली, तसे ते मला उचलून मागच्या अंगणात आले. खाऱ्या पाण्याने माझ्या गळ्यावर हिरवट थर चढला होता. ते चिंच घेऊन मला घासत बसले, मान खाली घालून, दुकानात कधी कापडही इतकं जपून हाताळलं नसेल असे.

आतून हाक आली. "अहो, आयकता का जी?"

"ओ," म्हणत ते चिंचेच्या हातानेच धावले. मी तसाच अंगणात राहिलो, निम्मा लखलखीत, निम्मा हिरवा.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना चिंच लावली की आम्ही पुन्हा उजळतो. आम्ही फळीवर थांबू शकतो, वर्षानुवर्षं. पण तुमचं माणूस पाण्यात उभं राहून हाक मारेल, तेव्हा कोण पाहतंय ते पाहत बसू नका. आधी ओ द्या.